घरपट्टीची वाढ आणि आपली लेखी हरकत

घरपट्टीचे वाढीव बिल हाती पडले की आपल्या समाजात बहुधा दोन गोष्टी घडतात. काही कुटुंबे नाराजी व्यक्त करीत का होईना, पैसे भरून मोकळी होतात. काहीजण ते बिल कपाटात ठेवून देतात आणि ‘सगळ्यांचे होईल ते आपले होईल’ असे म्हणून स्वस्थ बसतात. आकारणीत चूक असेल तर पहिल्या प्रकारच्या कुटुंबांच्या बाबतीत ती चूक वर्षानुवर्षे कायम राहते. दुसऱ्या प्रकारच्या कुटुंबांवर दरमहा दोन टक्क्यांप्रमाणे शास्तीचा बोजा चढत जातो. कायद्याने दाखविलेला मार्ग मात्र तिसराच आहे. ठरलेल्या मुदतीत, लेखी स्वरूपात आणि सकारण हरकत घेणे हा तो मार्ग होय. तो कोणता, त्यावरून कसे जावे आणि तो कोठवर नेतो याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. वसईतील जुनी बैठी घरे, मुंबईतील जुन्या चाळी व वाड्या आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीतील घरे या तिन्ही ठिकाणी आपले वाचक राहतात. म्हणून तिन्हींचा उल्लेख पुढे येईल. परंतु मुख्य भर महानगरपालिका क्षेत्रावर राहील.

वाढीचे मूळ कोठे आहे?

घरपट्टी एकाएकी का वाढते, हे समजून घेतले तर रागाची जागा विवेक घेऊ शकतो. एके काळी महाराष्ट्रातील महानगरपालिकांची तिजोरी प्रामुख्याने जकातीवर चालत असे. जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांपुरता तो रद्द झाला आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर हा अध्यायच संपला. त्यानंतर राज्य शासनाकडून नुकसानभरपाईची रक्कम येऊ लागली. परंतु महानगरपालिकेला स्वतःच्या अधिकारात वाढविता येईल असे मोठे साधन मालमत्ता कराशिवाय फारसे उरले नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातील नागरी अनुदानांसाठी अट घातली की, राज्यांनी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करावेत आणि कराची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीशी सुसंगत अशी वाढती ठेवावी. थोडक्यात, स्थानिक संस्थांवर वसुली वाढविण्याचा दबाव वरूनच आला आहे.

यातील एक भाग रास्त आहे, हे आपण मान्य केले पाहिजे. रस्ते, पाणी, दिवाबत्ती, कचरा, दवाखाने यांसाठी पैसा लागतो आणि तो नागरिकांनीच द्यायचा असतो. वर्षानुवर्षे नोंदच न झालेल्या इमारती कराच्या कक्षेत आल्या तर प्रामाणिक करदात्याचा भार हलका व्हावयास हवा. परंतु अशी नोंद वाढविण्यासाठी जेव्हा घरोघर मोजणी होते आणि थोड्या दिवसांत हजारो घरांची मापे नोंदविली जातात, तेव्हा चुकाही हजारोंनी होऊ शकतात. ओटी खोली ठरते, गुरांचा गोठा निवासी बांधकाम ठरतो, पाडलेले घर कागदावर उभेच राहते. या चुका शोधून काढण्याची पहिली जबाबदारी, इच्छा असो वा नसो, घरमालकावर येऊन पडते.

दर आणि मूल्य: दोन वेगळे प्रश्न

हरकतीच्या बाबतीत सर्वांत मोठा गोंधळ येथे होतो. बिलातील रक्कम दोन गोष्टींच्या गुणाकारातून येते. एक, आपल्या मालमत्तेचे ठरविलेले मूल्य. दुसरी, त्या मूल्यावर लावलेला कराचा दर. या दोन गोष्टी ठरविणारे हात वेगळे आहेत आणि त्यांच्याविरुद्ध दाद मागण्याची दारेही वेगळी आहेत.

कराचे दर महानगरपालिकेची सर्वसाधारण सभा ठरविते. कायद्यानुसार पुढील आर्थिक वर्षाचे दर दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत निश्चित करावयाचे असतात. म्हणून दर अवाजवी वाटत असतील तर त्याविषयीचा आवाज नगरसेवकापर्यंत जानेवारीतच पोहोचला पाहिजे. बिल हाती आल्यावर नव्हे. वसई-विरार महानगरपालिकेत जून २०२० मध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर प्रदीर्घ काळ प्रशासकाने कारभार पाहिला. जानेवारी २०२६ मध्ये राज्यातील २९ महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. दरांविषयी जाब विचारण्याचे दार त्यामुळे पुन्हा उघडले आहे. ते वापरावयाचे की नाही, हे आपल्या हाती आहे.

मूल्य मात्र प्रशासन ठरविते आणि त्यावरील हरकत आयुक्तांकडे करावयाची असते. सुनावणीच्या वेळी ‘कर फार आहे’, ‘आमचे उत्पन्न कमी आहे’, ‘गटारे तुंबलेली आहेत’ असे सांगितले तर त्या तक्रारी खऱ्या असूनही उपयोगी पडत नाहीत. कारण समोरच्या अधिकाऱ्याला दर बदलण्याचा अधिकारच नसतो. त्याला फक्त एवढेच तपासता येते की, या घराचे मूल्य नियमाप्रमाणे काढले आहे की नाही. आपल्या हरकतीचा प्रत्येक शब्द त्या एका प्रश्नाला धरून असला पाहिजे.

करयोग्य मूल्य कसे निघते?

आपल्या बिलावर ‘करयोग्य मूल्य’ हा शब्द असेल तर आकारणी भाडेमूल्यावर आधारलेली आहे असे समजावे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम हा मूळचा १९४९ चा कायदा. त्याच्या अनुसूचीतील करविषयक नियमांनुसार, एखादी इमारत भाड्याने दिली असता वर्षाला किती भाडे वाजवीपणे मिळू शकेल याचा अंदाज बांधला जातो. घरात आपण स्वतः राहत असलो तरीही हा अंदाज केला जातो. या वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्ती व इतर सर्व खर्चांपोटी १० टक्के वजा करतात आणि उरते ते करयोग्य मूल्य.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, घराचे क्षेत्र ६०० चौरस फूट आहे आणि त्या विभागासाठी व त्या प्रकारच्या बांधकामासाठी दरमहा प्रति चौरस फूट २ रुपये भाडे धरले आहे. महिन्याचे १,२०० आणि वर्षाचे १४,४०० रुपये होतात. त्यातून १० टक्के म्हणजे १,४४० वजा केले की करयोग्य मूल्य १२,९६० रुपये येते. आता मोजणी करणाऱ्याने उघडी पडवी धरून क्षेत्र ७५० चौरस फूट लिहिले असेल तर हेच मूल्य १६,२०० रुपये होईल. सर्व कर मिळून दर ३५ टक्के धरला तर वर्षाला १,१३४ रुपये अधिक भरावे लागतील. रक्कम लहान वाटेल. परंतु हरकत घेतली नाही तर ती दरवर्षी भरावी लागेल आणि पुढील प्रत्येक वाढ त्या चुकलेल्या मापावरच होईल.

काय तपासावे?

बिलावरील शेवटचा आकडा पाहून थांबू नये. आपल्या मालमत्तेविषयी आकारणी पुस्तकात नेमके काय लिहिले आहे ते पाहावे. हे पुस्तक गुप्त नसते. मालक, भोगवटादार किंवा त्यांचा प्रतिनिधी आपल्या मालमत्तेपुरत्या नोंदी विनामूल्य पाहू शकतो आणि त्यांचे उतारे घेऊ शकतो. पुढील बाबींची विशेष चौकशी करावी.

१. क्षेत्रफळ: प्रत्येक मजल्याचे माप स्वतः टेपने घ्यावे. ओटी, पडवी, माळा, जिना, विहिरीवरील पंपाची खोली कशात धरली आहे ते विचारावे.

२. वापर: घराचा एखादा भाग दुकान, शिकवणी वर्ग किंवा गोदाम म्हणून लिहिला आहे काय? पूर्वी दुकान होते व आता बंद असेल तर तसा पुरावा द्यावा. अनिवासी वापराचा दर निवासी दरापेक्षा चढा असतो.

३. बांधकामाचा प्रकार व वय: कौलारू, विटा-मातीचे जुने घर आणि सिमेंट काँक्रीटची नवी इमारत एकाच पंक्तीत बसविलेली नाही ना?

४. दुबार नोंद: जुने घर पाडून नवे बांधले असेल तर दोन्ही क्रमांकांवर कर लागलेला नाही ना?

५. कर कोणत्या दिनांकापासून: मागील वर्षांचा फरक एकदम मागितला असेल तर तो कोणत्या नियमाखाली मागितला आहे, हे लेखी विचारावे.

६. शास्ती: बांधकाम अनधिकृत ठरवून अधिनियमाच्या कलम २६७अ खाली जादा आकारणी झाली आहे काय? ग्रामपंचायतीच्या काळातील परवानगीचे कागद, जुनी घरपट्टीची पावती, गाव नमुन्यातील उतारा यांचा येथे उपयोग होतो. मात्र लक्षात ठेवावे की, कर भरला म्हणून अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही.

७. शेजारची घरे: त्याच आळीतील, त्याच प्रकारच्या घरांना कोणता भाडेदर लावला आहे? समान घरांना असमान दर हा हरकतीचा सबळ मुद्दा असतो.

महानगरपालिकेच्या हद्दीत गावे नव्याने समाविष्ट होतात तेव्हा मालमत्ता कर लगेच पूर्ण दराने न लावता टप्प्याटप्प्याने लावण्याची तरतूदही अधिनियमात आहे. वसईत गावांच्या समावेशावरून २००९ पासून दीर्घकाळ आंदोलन आणि न्यायालयीन लढा झाला. समावेशाविषयी कोणाचे मत काहीही असो, आपल्या गावाला ही तरतूद लागू होते काय आणि कोणत्या दिनांकापासून, हा प्रश्न ग्रामस्थांनी एकत्रितपणे व लेखी विचारावा.

पंधरा दिवसांचे महत्त्व

आकारणी पुस्तक तयार झाले की आयुक्त जाहीर सूचना काढतात. हरकतींसाठी किमान १५ दिवसांची मुदत द्यावी लागते. मालमत्तेची नोंद प्रथमच होत असेल किंवा करयोग्य मूल्य वाढविले असेल तर संबंधितास स्वतंत्र लेखी नोटीस देणे बंधनकारक आहे. ही नोटीस म्हणजे बिल नव्हे. ती बिलाच्या आधी येते आणि तिचे महत्त्व बिलापेक्षा अधिक आहे. बहुतेक प्रकरणे पुराव्याअभावी नव्हे, तर या १५ दिवसांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे हातची जातात, असे आम्हाला वाटते.

आपल्या समाजात याला आणखी एक कारण आहे. कित्येक घरे आजोबांच्या नावावरच आहेत. आजोबांना देवाज्ञा होऊन वीस-वीस वर्षे लोटली तरी नोंद बदललेली नाही. कित्येक घरांतील मुले आखातात, युरोपात किंवा कॅनडात आहेत आणि घराला कुलूप आहे. नोटीस येते, दाराला चिकटविली जाते, पावसात भिजते, आणि मुदत संपते. म्हणून वारसांची नावे वेळीच लावून घ्यावीत आणि परदेशी असलेल्यांनी येथील विश्वासू नातलगाला लेखी अधिकारपत्र द्यावे.

हरकत अर्ज साध्या कागदावर, आयुक्तांच्या नावे करावा. त्यात मालमत्ता क्रमांक, नोटिशीचा क्रमांक व दिनांक, नोंदविलेले मूल्य आणि आपल्या मते योग्य असलेले मूल्य लिहावे. हरकतीची कारणे थोडक्यात पण पूर्णपणे मांडावीत, अशी नियमाचीच अपेक्षा आहे. जे कारण अर्जात नाही ते पुढे सांगणे अवघड जाते. सोबत मोजमापाचा नकाशा, छायाचित्रे, जुन्या पावत्या, भाडेकरार असल्यास त्याची प्रत आणि शेजारच्या घरांच्या बिलांच्या प्रती जोडाव्यात. अर्ज प्रभाग कार्यालयाच्या आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, दिनांक व सही अशी पोच घ्यावी. ‘साहेबांशी बोलणे झाले आहे’ याला कायद्यात किंमत नाही, पोचपावतीला आहे.

मोजणीचा तक्ता माहितीच्या अधिकारात मागता येतो. परंतु २००५ च्या त्या कायद्याखाली उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि हरकतीची मुदत त्याआधीच संपू शकते. म्हणून प्रथम हरकत नोंदवावी. माहितीचा अर्ज त्याबरोबर करावा आणि कागद मिळाल्यावर पुरवणी निवेदन द्यावे.

हरकत आल्यावर चौकशीचा दिवस, वेळ व ठिकाण कळविले जाते. त्या दिवशी हजर राहावेच. आपण नसलो तरी निर्णय होऊ शकतो. सुनावणीत आवाज चढविण्याची गरज नसते. ‘माझ्या घराचे माप आपण ७५० फूट लिहिले आहे, प्रत्यक्षात ते ६०० आहे, कृपया फेरमोजणी करावी’ एवढे एक वाक्य अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा अधिक काम करते.

निर्णयानंतर

आयुक्तांचा निर्णय मान्य नसेल तर अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायाधीशाकडे अपील करता येते. तेथेही मुदत १५ दिवसांचीच आहे. अपिलासाठी दोन अटी प्रामुख्याने लक्षात ठेवाव्यात. आधी आयुक्तांकडे हरकत केलेली असली पाहिजे आणि तिचा निकाल लागलेला असला पाहिजे. शिवाय वादग्रस्त कराची रक्कम जमा केलेली असली पाहिजे. ज्याने पहिल्या पायरीवर हरकतच घेतली नाही त्याला दुसरी पायरी उपलब्ध नाही. या टप्प्यावर वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. पहिल्या टप्प्यावर मात्र सामान्य माणूस आपली बाजू स्वतः मांडू शकतो.

हरकत प्रलंबित आहे म्हणून कर भरावयाचा थांबू नये. ‘हरकत कायम ठेवून भरणा करीत आहे’ असे पत्र देऊन रक्कम भरावी. मूल्य कमी झाल्यास पुढील बिलात समायोजन मागता येते. न भरल्यास मात्र शास्ती वाढत जाते.

मुंबई आणि ग्रामपंचायती

बृहन्मुंबई महानगरपालिकेचा कायदा वेगळा, १८८८ चा आहे. तेथे एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर आकारणी होते. त्यासंबंधीच्या नियमांना मालमत्ताधारकांच्या संघटनेने आव्हान दिले. भांडवली मूल्याची पद्धत न्यायालयाने मान्य केली. परंतु जमिनीवर भविष्यात किती बांधकाम होऊ शकेल हे धरून आजच कर लावण्यास मुभा देणारे नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. याचा अर्थ असा की, कर आज जे अस्तित्वात आहे त्यावर लागावा. उद्या तेथे टॉवर उभा राहू शकतो या कल्पनेवर नव्हे. उपनगरांतील जुन्या गावठाणांत, टोलेजंग इमारतींच्या मध्ये बैठे घर टिकवून राहिलेल्या कुटुंबांसाठी हे तत्त्व मोलाचे आहे. मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना २०२२ पासून मालमत्ता करातून माफी आहे. आपल्या सदनिकेचे क्षेत्र कागदावर चुकून जास्त पडले असेल तर माफीच हुकते, हे ध्यानात घ्यावे.

ज्यांच्या इमारतीत जुने, भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेले भाडेकरू आहेत, त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९७९ चा दिवाण दौलत राय कपूर खटल्यातील निर्णय वकिलास दाखवावा. कायद्याने जे भाडे घेताच येत नाही ते भाडे मिळते असे गृहीत धरून करमूल्य ठरविता येत नाही, हे त्याचे सार आहे.

ग्रामपंचायत क्षेत्रात डिसेंबर २०१५ मध्ये नियम बदलले आणि इमारतीच्या भांडवली मूल्यावर आकारणी सुरू झाली. तेथे आकारणीविरुद्ध अपील पंचायत समितीकडे आणि त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे करता येते.

संस्थांच्या इमारती

केवळ सार्वजनिक उपासनेसाठी किंवा सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या वास्तूंना कलम १३२ खाली सर्वसाधारण करातून सूट आहे. ही सूट चर्च, मंदिर, मशीद सर्वांना सारखीच आहे. पण ती सर्वसाधारण करापुरती आहे. पाणी, सफाई आदी कर त्यात येत नाहीत. शिवाय वास्तूच्या ज्या भागात व्यापार चालतो किंवा ज्या भागाचे भाडे मिळते, त्या भागाला ती मिळत नाही. सभागृह लग्नसमारंभासाठी भाड्याने दिले जात असेल तर त्या भागाची आकारणी होणार, हे धर्मग्रामांच्या वित्त समित्यांनी प्रामाणिकपणे मान्य करावे. स्वतः सवलतीचा गैरवापर करणाऱ्याला इतरांच्या अन्यायाविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार राहत नाही.

एकट्याने नव्हे, एकत्रितपणे

शिकल्या-सवरलेल्या आणि वेळ असलेल्या माणसाला हरकत घेणे फारसे कठीण नाही. कठीण आहे ते एकाकी राहणाऱ्या वृद्धेला. जिचे घर मोठे आहे, पण उत्पन्न पतीच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनाएवढेच आहे. वाडवडिलांनी बांधलेले घर करापायी विकावे लागेल, ही भीती तिच्या मनात बसते आणि जमिनीवर डोळा ठेवून असलेले लोक ती भीती वाढवितात. तिच्या घराचे माप चुकलेले आहे की नाही, हे टेप घेऊन पाहण्यास दोन तरुणांची एक सायंकाळ पुरेशी आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक धर्मग्रामात निवृत्त शिक्षक, अभियंते, बँक कर्मचारी व वकील यांचा एक छोटा गट असावा. आकारणीच्या जाहीर सूचनेकडे त्याने लक्ष ठेवावे, तिचा दिनांक रविवारी सूचनाफलकावर लावावा, अर्जाचा नमुना उपलब्ध करून द्यावा आणि वृद्ध व परदेशस्थ कुटुंबांच्या घरांची मापे घ्यावीत. हे काम धर्म वा जात पाहून करू नये. आळीतील प्रत्येक घरासाठी करावे. कर बुडविण्याची ही मोहीम नव्हे. योग्य तेवढा कर प्रत्येकाने भरावा आणि कोणाकडूनही त्याहून अधिक घेतला जाऊ नये, एवढाच तिचा हेतू आहे. सुज्ञ वाचकांनी आज एवढे तरी करावे: शेवटचे बिल बाहेर काढावे, त्यावर लिहिलेले क्षेत्रफळ वाचावे आणि आपले घर एकदा मोजून पाहावे.